दोन्ही खांद्यांची मापं

रेगिना कुब्याकला शाळेत सगळे रेगिनाबाई म्हणत, पण कागदोपत्री ती कुणाची बाई नव्हती. पोलंडमधल्या वूच शहरातल्या त्या कलाशाळेत तिसऱ्या मजल्यावर शिवणाची मोठी खोली होती. तिथली चौदा यंत्रं तेलपाण्यात ठेवायची, सुया बदलायच्या आणि पोरांच्या वाकड्या टिपा निस्तरायच्या, एवढंच तिच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं होतं. शिकवायचं काम सरांचं. पण सर खाली गेले की पोरं तिच्याकडेच यायची, कारण सर कपड्याबद्दल बोलत आणि रेगिनाबाईला कपडा यायचा.

तो तिला कसा आला, ते ती कुणीही न विचारता सांगायची. सतराव्या वर्षी ती ओव्हरकोटाच्या कारखान्यात लागली. एकोणीस वर्षं तिथं काढली आणि त्यातली अकरा वर्षं फक्त डावी बाही जोडली.

"उजवी नाही का जोडली कधी?" पोरं दरवर्षी विचारायची.

"उजवीला दुसरी बाई होती. तिच्या पोटावर पाय कशाला देऊ?"

कारखाना बंद पडला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मग बाजारात मोजे विकले, घरी बसून लोकांचे पडदे शिवले, आणि शेवटी या शाळेत येऊन टेकली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा आयर्लंडमध्ये ट्रक चालवायचा आणि रविवारी फोन करायचा. बाकी सहा दिवस बोलायला तिला शाळा होती, आणि ती बोलायची भरपूर. तिच्या तोंडाला झाकण नाही असं शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांचं मत होतं. ती ते नाकारायचीही नाही.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात माल्विना स्रोका नावाची मुलगी होती. अठरावं लागायला चार महिने. हात इतका स्वच्छ की तिनं घातलेली टीप रेगिनाबाई दुसऱ्या पोरांना दाखवायला न्यायची. पण शेवटच्या वर्षी नुसत्या टिपेवर भागत नाही. प्रत्येकाला स्वतःचा एक विषय घेऊन तीन पोशाख उभे करावे लागतात, आणि वेशभूषा शिकवणारे सादोव्स्की सर त्या 'स्वतःचा' या शब्दावर अडून बसायचे.

माल्विना पहिल्यांदा समुद्रतळ घेऊन गेली. निळे-हिरवे कागद, शंख-शिंपले, सगळं देखणं.

"समुद्र किती वेळा पाहिलास?" सरांनी विचारलं.

"एकदा. सहावीच्या सहलीत. पाऊस होता."

पुढच्या आठवड्यात तिनं जपान नेलं. सरांनी कागद उघडलाही नाही. तिसऱ्यांदा ती शहाणपणानं वागली. आजीचा वारसा म्हणून लोविच गावाकडचे पारंपरिक रंगीत पट्ट्यांचे घागरे काढले.

"आजी लोविचची?"

"नाही. आजी इथलीच. ट्राम डेपोत वेळापत्रकं टाइप करायची."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते दुष्ट नव्हते; वीस वर्षं तीच फुलपाखरं आणि तेच जपान बघून दमलेले होते. "माल्विना," ते म्हणाले, "शेजारच्या बाकावरच्यालाही चालेल असा विषय तुझा नसतो. सोमवारपर्यंत वेळ देतो."

त्या दुपारी शिवणाच्या खोलीत कुणी नव्हतं. माल्विना कोपऱ्यात बसून एक धडधाकट शिवण उसवत होती. रेगिनाबाईनं थोडा वेळ बघितलं, मग काचेच्या पेल्यात चहा ओतून तिच्यापुढे ठेवला.

"त्या शिवणीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"काही नाही. मला विषयच नाहीये, बाई. सगळ्यांकडे काहीतरी आहे. ओलाचे बाबा खाणीत होते, कुबाला मधमाश्या आवडतात. मी रिकामी आहे."

"फुलं घे. फुलं सगळ्यांना आवडतात."

"बाई!"

"बरं, फुलं राहू देत. मांजर? माझ्या मेहुणीनं अख्ख्या पडद्यावर मांजरं भरली होती."

माल्विना हसली, पण डोळे भरलेच होते. रेगिनाबाईला रडणाऱ्या माणसापुढे नुसतं बसता येत नसे, हाताला काहीतरी काम लागायचं. तिनं गळ्यातली टेप काढली.

"मला तुमचं ते विषय-बिषय कळत नाही. मला एवढंच कळतं की कपडा शिवायचा तर आधी माप लागतं. ऊठ. कुणासाठी शिवायचं ते नाही ना माहीत? मग स्वतःचं घेऊ. काढ तो स्वेटर."

तो स्वेटर माल्विनाच्या अंगात दोन जणी मावतील एवढा होता. उन्हाळा असो की हिवाळा, ती असल्याच कपड्यांत असायची. रेगिनाबाईला वाटायचं, फॅशन असेल.

"वरूनच घ्या ना."

"वरून काय बटाट्याच्या पोत्याचं माप घेऊ?"

माल्विनानं आधी दाराकडे बघितलं. मग तिनं स्वेटर डोक्यावरून ओढला आणि खाली बघत राहिली. रेगिनाबाईनं मानेपासून डाव्या खांद्याचं माप घेतलं, मग उजव्याचं. मग काखेपासून कंबरेपर्यंत. डावीकडे एक, उजवीकडे दुसरंच. टेप सरकली असेल म्हणून तिनं पुन्हा घेतलं.

"टेप बरोबर आहे," माल्विना म्हणाली. "मी वाकडी आहे."

आणि मग ती एका दमात बोलली. बाराव्या वर्षी पाठीचा कणा एका बाजूला वळायला लागला. डॉक्टरांनी कडक प्लॅस्टिकचा ब्रेस दिला. काखेपासून मांडीपर्यंत, मागे तीन पट्टे, दिवसाचे बावीस तास. अंघोळ आणि व्यायाम सोडला तर झोपेतसुद्धा. साडेतीन वर्षं. या शाळेत आली तेव्हाही अंगावर तोच होता. आधीच्या शाळेत एका मुलानं तिच्या पाठीवर बोटांनी टकटक केलं होतं आणि ओरडला होता, "कुणी आहे का आत?" सगळे हसले.

"तू काय केलंस?"

"मीपण हसले."

रेगिनाबाईनं स्वेटर उचलून मुलीच्या खांद्यावर घातला, आणि मग, थांबायला हवं होतं तिथं न थांबता, म्हणाली, "अगं, मग हाच की तुझा विषय!"

"नाही." माल्विनाचा चेहरा एकदम बंद झाला. "इथं कुणाला माहीत नाहीये. तुम्ही सांगणार नाही. शपथ घ्या."

"घेतली," रेगिनाबाई म्हणाली. आणि त्या क्षणी तिनं ती मनापासूनच घेतली होती.

शपथ टिकली तीन दिवस. शुक्रवारी सादोव्स्की सर कात्री मागायला वर आले आणि सहज म्हणाले, "स्रोकाला मीच विषय देऊन टाकतो. 'शरद ऋतू.' पानं वगैरे. हात चांगला आहे तिचा, पण आत सांगण्यासारखं काही नाही."

रेगिनाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. "काही नाही? तुम्हाला काय ठाऊक हो त्या पोरीच्या आत काय आहे ते!" आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ब्रेस, पट्टे, टकटक, सगळं. सांगताना तिला वाटत होतं, आपण पोरीची बाजू घेतोय.

सर कात्री न घेताच खाली गेले. त्यांना खरंच लागलं होतं. आणि लागलं म्हणूनच सोमवारी शिवणाच्या खोलीशेजारच्या वर्गात, सगळ्यांसमोर, ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माल्विना, तुझ्या पाठीबद्दल मला कळलं. फार धीराची आहेस तू. त्यावरच काम करशील?"

बावीस माना वळल्या. माल्विनानं पेन्सिली गोळा केल्या, दप्तर उचललं आणि ती निघून गेली. जाताना शिवणाच्या खोलीच्या दारात रेगिनाबाई उभी होती. तिच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी रेगिनाबाईनं कार्यालयातून पत्ता घेतला, बेकरीतून खसखशीचा रोल बांधून घेतला आणि ट्राममध्ये बसली. वाटेत तिनं माफीची चार वाक्यं जुळवली. तिसऱ्या थांब्यावर पहिलं खोडलं, कारण त्यात 'मला वाटलं' होतं. शेवटी एकही वाक्य उरलं नाही.

चौथ्या मजल्यावरचं दार माल्विनाच्या आईनं उघडलं. इलोना ट्राम चालवायची. नुकतीच कामाची पाळी संपवून आलेली, गणवेशाचा सदरा अजून अंगात.

"तुम्हीच ना त्या, ज्यांनी तोंड उघडलं?"

"मीच."

"मग आता इथं तरी बंद ठेवा. या आत."

स्वयंपाकघरात बटाटे उकळत होते. इलोनानं खुर्ची सरकवली, पण रोलला हात लावला नाही. "पहाटे चारला उठायचे मी," ती पाठमोरीच बोलायला लागली. "कामाला जाण्याआधी तिचे पट्टे आवळायला. गुडघा भिंतीला लावून ओढावे लागायचे. ती कधी ओरडली नाही. 'अजून एक भोक, आई,' म्हणायची. ब्रेस निघाला त्या दिवशी आम्ही दोघींनी तो पोत्यात भरून स्वतः कचऱ्यात नेऊन टाकला. आणि तुम्ही तो पुन्हा वर्गात आणून ठेवलात."

"हो," रेगिनाबाई म्हणाली.

माल्विना दारात येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. रेगिनाबाई उठली. "मी शब्द दिला होता आणि तो मोडला. चूक माझी आहे. कारण सांगत नाही, कारणं आहेत पण ती माझ्यापाशीच राहू देत. माफ कर म्हणायला आले."

"तुम्हाला कळतच नाही," माल्विना म्हणाली. "साडेतीन वर्षं मी म्हणजे नुसती पाठ होते. डॉक्टरकडे पाठ, शाळेत पाठ, नातेवाईक आले की आधी पाठ. आता कुठं सुटले, तर विषयपण तोच? प्रदर्शनात लोक येणार आणि म्हणणार, बिचारी! मला नको आहे ते."

पोरीचं खरं होतं. "नको तर नको," रेगिनाबाई म्हणाली. "पानं काढ. तुझी पानंसुद्धा नीट होतील."

इलोनानं बटाटे निथळले. शेवटी तिनंच तो रोल कापायला घेतला. माल्विना टेबलाशी येऊन बसली, एक तुकडा उचलला आणि रेगिनाबाईकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, जरा खाली.

"तुमचा डावा खांदा केवढा वर आहे, माहितीये तुम्हाला?"

"माझा? काहीतरीच. माझा सरळ आहे."

"डावा वर आणि उजवा खाली. पहिल्या वर्षापासून बघतेय मी. सादोव्स्की सरांची मान उजवीकडे गेलीय. आईचा डावा खांदा पुढं आलाय, ट्रामचा दांडा ओढून ओढून. मी सगळ्यांचे खांदेच बघते. ब्रेस होता तेव्हापासून. ट्राममध्ये, चर्चमध्ये. आणखी कोण वाकडं आहे, ते शोधत बसायचे."

"सापडायचं का कुणी?" आईनं विचारलं. तिलाही हे नवं होतं.

"सगळेच."

रेगिनाबाईच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते. तिनं रोलचा भला मोठा घास तोंडात कोंबला आणि चावत राहिली. इलोनानं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"टेप आहे का?" माल्विना म्हणाली.

टेप नसलेली रेगिनाबाई कुणी पाहिली नव्हती. तिनं ती काढून दिली आणि दिव्याखाली उभी राहिली. चाळीसेक वर्षं तिनं लोकांसाठी शिवलं होतं. तिचं स्वतःचं माप शेवटचं कुणी घेतलं होतं, ते तिला आठवेना. लग्नाच्या कपड्यांसाठी आईनं घेतलं असावं. मुलीची गार बोटं मानेपाशी लागली तेव्हा ती उगाचच ताठ झाली.

"सैल सोडा. नेहमी उभ्या राहता तशा राहा."

"मी अशीच उभी राहते."

"नाही राहत."

तीन सेंटिमीटरचा फरक निघाला. माल्विनाच्या स्वतःच्या फरकाच्या दीडपट. रेगिनाबाईला खरं वाटेना, तिनं दुसऱ्यांदा मोजायला लावलं. मग खुर्चीत बसून तिनं हवेतच डावा हात उचलला, कोटाचं ओझं पेलल्यासारखा, आणि उजव्या हातानं कापड सुईखाली सरकवल्यासारखं केलं. अंग आपोआप त्याच आकारात बसलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "मेल्यांनी मला माणूस म्हणून घेतलं आणि हँगर म्हणून सोडलं."

इलोना खो खो हसली. माल्विनाही. आणि हसता हसता एका जुन्या पाकिटाच्या मागे ती दोन रकाने आखायला लागली. डावा आणि उजवा. पहिली ओळ रेगिनाबाईची, दुसरी आईची. तिसरी ओळ तिनं लिहायला घेतली, थांबली, आणि मग स्वतःचे आकडे न बघताच लिहिले. ते तिला पाठ होते.

सोमवारी ती शेजारच्या वर्गात सरांकडे गेली. रेगिनाबाई सोबत गेली नाही. दार उघडं ठेवून यंत्राला तेल घालत राहिली.

"लोक जसे आहेत तशी त्यांची मापं," माल्विना सांगत होती. "डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी. त्यावरून कोट. विषयाचं नाव 'दोन्ही बाजू'."

"आणि यात तू कुठे आहेस?" सरांनी विचारलं.

"मापं घेणारी मी."

सरांनी सही केली. मग खुर्चीत जरा अवघडून म्हणाले, "त्या दिवशी वर्गात बोलायला नको होतं मी. माझी चूक झाली." पुढं थोडं थांबून, "माझी मानही उजवीकडे झुकलीय का? बायको म्हणत असते."

"चार अंश असेल," माल्विना म्हणाली.

नाताळपर्यंत तिनं एकतीस माणसं मोजली. बाजारात पिंपात आंबवलेला कोबी विकणारा म्हातारा होता. त्यानं आधी टेप बघून "शवपेटीचं माप घेतेस काय गं?" म्हणून चेष्टा केली, आणि मग बराच वेळ हलला नाही. टपाल वाटणारी बाई होती, संगीतशाळेतली एक व्हायोलिन वाजवणारी मुलगी होती, शाळेचा शिपाई होता. एकतिसांपैकी एकाचेही दोन्ही रकाने सारखे निघाले नाहीत. त्यातून तिनं तिघांचे कोट करायचं ठरवलं: आईचा, टपालवाल्या बाईचा आणि रेगिनाबाईचा.

खरं भांडण त्यानंतर झालं. रेगिनाबाईचा सगळा जन्म एका नियमावर गेला होता. खांदा खाली असेल तर आतून भर घालायची, म्हणजे बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. माल्विनाला भर नको होती. तिला कापडच तसं कापायचं होतं.

"अगं, लोकांना दिसेल ना वाकडं!"

"दिसू दे. पण ओढणार नाही. कॉलर मागे सरकणार नाही. बटण लावल्यावर एक बाजू वर जाणार नाही."

"असं कुणी शिवत नाही."

"माहितीये. म्हणून तर रोज सगळे कोट ओढत फिरतात. तुम्हीपण ओढता. आत्तासुद्धा."

रेगिनाबाईचा हात खरंच गळ्यापाशी होता. तिनं तो काढून घेतला आणि दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी तीच मोठा कागद आणि पट्टी घेऊन आली. डावा भाग वेगळा, उजवा भाग वेगळा काढायचा तर पाठीमधली शिवण कुठून न्यायची, हे मुलीला जमत नव्हतं, आणि पुस्तकातही नव्हतं. पाच वेळा स्वस्त मांजरपाटावर कापलं, पाच वेळा फेकलं. सहाव्यांदा शिवण मानेखालून निघून अंगाच्या कलानं खाली उतरली आणि कुठेही सुरकुती पडली नाही. रेगिनाबाई कोट चढवलेल्या पुतळ्याभोवती फिरली. मग तिला आठवलं की पुतळा सरळ आहे, आणि तिनं तो कोट पुतळ्यावरून काढून स्वतःच्या अंगात चढवला. आरशासमोर ती बराच वेळ उभी राहिली. गळ्याशी हात नेण्याचं काही कारणच नव्हतं.

"काय झालं? बोचतंय?" माल्विनानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच होत नाहीये."

मे महिन्यात प्रदर्शन झालं. कोट पुतळ्यांवर नव्हते. ज्यांचे होते त्यांनीच घालून चालायचं होतं. टपालवाली लाजून फार भरभर चालली. इलोना ट्राममधून उतरावी तशी सहज चालली. रेगिनाबाईनं आदल्या दिवशी 'मी नाही बाई तसली नाटकं करणार' म्हणून सगळ्यांना ऐकवलं होतं, आणि प्रत्यक्षात तीच दोनदा जाऊन आली. भिंतीवर एकतीस लोकांचे दोन रकाने लावलेले होते, नावं न घालता. येणारे लोक ते वाचत आणि वाचता वाचता नकळत स्वतःच्या खांद्याला हात लावत. बिचारी असं कुणी म्हटलं नाही, कारण कुठली ओळ कुणाची, ते कुणाला कळायचा मार्गच नव्हता.

परीक्षकांत एक काटेकोर बाई होत्या. दुसऱ्या कोटाची कॉलर नीट बसलेली नाही, हे त्यांनी पकडलं, आणि ते खरं होतं. सहापैकी पाच गुण मिळाले. रेगिनाबाईनं सहाच मिळायला हवे होते म्हणून आठवडाभर रान उठवलं. माल्विनानं घरी जाऊन ती कॉलर उसवली आणि पुन्हा लावली.

पुढच्या शिक्षणासाठी कला अकादमीत तिला पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही. वर्षभर तिनं एका म्हाताऱ्या शिंप्याकडे काम केलं, दुसऱ्या खेपेला निवड झाली. मधल्या त्या वर्षात शिंप्याच्या दुकानात लोक यायला लागले: एक पाय आखूड असलेला सुतार, छातीची एका बाजूची शस्त्रक्रिया झालेली एक शिक्षिका. तिनं सांगितलं होतं की साधा ब्लाउज हवा, पण आपणहून काही विचारू नका. माल्विनानं काही विचारलं नाही. दोन्ही बाजूंची मापं घेतली, लिहिली, आणि गुरुवारी यायला सांगितलं.

रेगिनाबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाली. मुख्याध्यापिकेनं निरोपाच्या भाषणात तिच्या मनमोकळ्या स्वभावाचा उल्लेख केला तेव्हा मागच्या रांगेतून सादोव्स्की सर खाकरले. आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी त्या शिंप्याच्या दुकानात काजं करायला जाते. गिऱ्हाईक आतल्या खोलीत माप द्यायला गेलं की ती बाहेर बसून दाराकडे पाठ करते, तोंडात चार टाचण्या धरते, आणि ते बाहेर येईपर्यंत काढत नाही.